वर्गातील ग्रोथ माइंडसेट : भिंतीवरच्या तक्त्यात की तपासलेल्या वहीत?

वहीपान :

शिक्षक प्रशिक्षणांत ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे बुद्धी आणि क्षमता वाढू शकतात ही धारणा, हा विषय आता नेमाने येतो. प्रशिक्षणाहून परतल्यावर शाळेच्या भिंतीवर ‘मी प्रयत्न करीन, मला जमेल’ अशा वाक्यांचे रंगीत तक्ते लागतात, परिपाठात काही दिवस चिकाटीच्या गोष्टी सांगितल्या जातात, उपक्रमाची छायाचित्रे गटावर जातात आणि गणिताचा तास पूर्वी जसा चालत होता तसाच पुढे चालू राहतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. या संकल्पनेमागचे संशोधन वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की, आपली बुद्धी वाढू शकते की नाही याविषयी मुलाची जी धारणा बनते, ती मुख्यतः त्याचे उत्तर चुकल्यानंतर शिक्षक काय करतात यावरून बनते. बाकी सारे त्या मानाने दुय्यम आहे. या मतावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आधी मूळ प्रयोगाविषयी, कारण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीच्या अमेरिकी मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली होती. पहिला संच बेताचा होता आणि तो झाल्यावर सर्वच मुलांना ‘छान सोडवलेस’ असे सांगण्यात आले. मात्र काहींना त्यापुढे ‘तू हुशार असणार’ असे, तर काहींना ‘तू खूप मेहनत घेतली असणार’ असे एक वाक्य अधिक ऐकायला मिळाले. दुसरा संच मुद्दाम अवघड ठेवलेला होता. तिसरा पुन्हा पहिल्याइतकाच सोपा होता. पण हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांची कामगिरी त्यात पहिल्यापेक्षा खालावली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांची सुधारली. इथवरचा भाग प्रशिक्षणात सांगतात. त्यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या मुलांना आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांना निनावी कळवायचे होते. हुशार म्हटल्या गेलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले, तर मेहनतीची दाद मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. ज्यांना आपण कधी भेटणारही नाही, त्यांच्यासमोरही आपले ‘हुशार’पण टिकवण्याची गरज त्या मुलांना वाटली. वर्गात पहिल्या बाकावरचे मूल शंका विचारायला का कचरते, आणि चुकलेले गणित फळ्यावरून उतरवून घेऊन ‘माझे बरोबर आले’ असे का सांगते, याचा उलगडा मला या आकड्यांतून होतो.

आता शिक्षकांकडे वळू. अनीता रतन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात असे दिसले की, गणिताची क्षमता जन्मजात असते असे मानणारे शिकवणारे एका चाचणीतील कमी गुणांवरून विद्यार्थ्याविषयी लवकर निष्कर्ष काढतात आणि मग त्याला आपुलकीने धीर देतात : गणित सगळ्यांनाच येते असे नाही, तुझी इतर विषयांत गती आहे. त्याबरोबरच ते त्याच्याकडून कमी कामाची अपेक्षा करू लागतात. हा धीर ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र त्याचा अर्थ अचूक लावला. शिक्षकांनी आपल्यावरचा भरवसा सोडला, असे त्यांना वाटले आणि त्यांची उमेदही कमी झाली. आपल्याकडे ‘याला सोपीच गणिते द्या, पास होण्यापुरती’ हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. त्यामुळे तो घातक आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. टोचून बोलणाऱ्या शिक्षकाविरुद्ध पालक निदान तक्रार तरी करतात.

येथे थोडे विषयांतर. बुद्धिमापन चाचणीचे जनक आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी ही न वाढणारी ठरावीक मात्रा आहे असे मानणाऱ्यांच्या ‘क्रूर निराशावादा’वर त्यांनी १९०९ मध्ये सडकून टीका केली होती. त्यांच्याच चाचणीच्या वंशजांनी पुढे जगभर मुलांवर कायमचे शिक्के मारले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

मूळ मुद्द्यावर येते. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेला १९८८ सालचा अभ्यास शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. काही मुलांच्या कामावर केवळ शेरा दिला, काहींना केवळ गुण दिले आणि काहींना दोन्ही दिले. ज्यांना केवळ शेरा मिळाला, त्यांची कामगिरी आणि रुची दोन्ही वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही, कारण गुण दिसल्यावर शेऱ्याकडे लक्ष जाण्याचे कारणच उरत नाही. आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर निरनिराळ्या प्रकारे केले जाणारे मूल्यमापन) आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदीही आल्या. कागदावर पाहिले तर ही तरतूद अतिशय चांगली आहे. प्रत्यक्षात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ हे तीन रकाने भरण्यासाठी तयार नोंदींच्या याद्या फिरतात आणि ‘गणिती क्रियांचा सराव आवश्यक’ हे एकच वाक्य अर्ध्या वर्गाच्या प्रगतिपत्रकात उतरते. कोणत्या क्रियेचा, कशा पद्धतीने आणि कोणाच्या मदतीने सराव, याचा त्यात पत्ता नसतो. असा शेरा वाचून मुलाला एवढेच कळते की आपल्यात काहीतरी उणे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, मुलाला त्याच्या चुकीवर नेमका शेरा द्यावा, ते गणित त्याच्याकडून पुन्हा सोडवून घ्यावे आणि नंतरच्या प्रयत्नाचे गुण धरावेत. इतरांचे, विशेषतः प्राथमिकच्या शिक्षकांचे अनुभव आणि हरकती वाचायला आवडतील.

आकडेमोड :

लेख मुद्देसूद आहे, परंतु १९९८ सालच्या एका प्रयोगावर इतकी मोठी इमारत उभी करण्याआधी नंतरच्या निष्कर्षांकडे पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये सहावीच्या सुमारे ५,००० मुलांवर, १०१ शाळांमध्ये मोठी चाचणी झाली. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी आठ आठवडे ग्रोथ माइंडसेटचे तास घेतले गेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार भाषा किंवा गणित यांत कोणतीही अतिरिक्त प्रगती आढळली नाही. अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतात २०२ माध्यमिक शाळांत असाच उपक्रम झाला आणि तेथेही परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये मॅकनमारा आणि बर्गॉइन यांनी ६३ अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण मांडले, त्यात सरासरी परिणाम ०.०५ प्रमाणित विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचे माप) इतका क्षीण निघाला आणि चांगल्या दर्जाच्या अभ्यासांत तर तो शून्यापासून वेगळा काढता आला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने केलेल्या विश्लेषणात अडचणीतील विद्यार्थ्यांना काही लाभ होतो असे म्हटले आहे, म्हणजे वाद मिटलेला नाही. परंतु ज्या आत्मविश्वासाने हे आपल्या प्रशिक्षणांत सांगितले जाते, तेवढा आधार त्याला नाही.

माझी दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळी मुले तिथे राहत नाहीत. ज्या मुलाचे अर्धे शालेय वर्ष पाचटात जाते, त्याच्यासमोर ‘प्रयत्नांनी सर्व साध्य होते’ असा तक्ता लावणे म्हणजे त्याच्या मागासलेपणाची जबाबदारी त्याच्याच मनावर ढकलणे होय. व्यवस्थेने शिक्षक द्यायचे नाहीत, वर्ग जोडून टाकायचे आणि मग मुलांची मानसिकता सुधारायची, ही सोय सरकारांना फार आवडते, कारण तिला खर्च येत नाही.

वहीपान :

आकडेमोड, दोन्ही हरकती रास्त आहेत आणि पहिलीत माझ्या मुद्द्याला आधारच मिळतो. अमेरिकेत डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी ६५ सरकारी शाळांतील नववीच्या सुमारे १२,५०० विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या संगणकीय पाठाने कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांकात ४ पैकी सुमारे ०.१ इतकीच वाढ झाली. एवढ्याशा वेळाच्या मानाने ती नगण्य नाही, पण चमत्कारही नाही. त्याच प्रकल्पातील गणिताच्या शिक्षकांची माहिती घेऊन २०२२ मध्ये जे विश्लेषण आले, ते येथे लागू पडते. ज्या वर्गांतील शिक्षक स्वतः क्षमता वाढते असे मानत होते, तेथे विद्यार्थ्यांच्या गणितातील गुणांवर परिणाम दिसला. जेथे शिक्षकांची धारणा उलट होती, तेथे मुलांना दिलेला तोच पाठ वाया गेला. मुलाला एक धारणा सांगायची आणि वर्ग दुसऱ्याच धारणेवर चालवायचा, तर सरासरी शून्याजवळ येणारच.

दुसऱ्या हरकतीविषयी मला काही वेगळे म्हणायचे नाही. ऊसतोडीवरून परत आलेल्या मुलाला मानसिकतेचा पाठ नको आहे. त्याचा जो भाग बुडाला तो कोणीतरी बसून शिकवायला हवा.

न्यूजर्सीकर :

मी येथील सरकारी शाळेत चौथीला शिकवते, म्हणून ही संकल्पना जिथे वाढली तिथल्या वर्गातून दोन शब्द. येथे जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेत ‘अजून’ या शब्दाचा तक्ता दिसतो. ‘मला येत नाही’ याऐवजी ‘मला अजून येत नाही’ असे म्हणण्याची मुलांना सवय लावली जाते. सवय चांगली आहे, पण मुले हुशार असतात. गृहपाठ न करता आलेला एक विद्यार्थी अगदी गंभीर चेहऱ्याने ‘माझा अजून झालेला नाही’ असे म्हणतो, तेव्हा हसू आवरणे कठीण जाते.

अधिक चिंतेची गोष्ट अशी की, येथे प्रयत्नांचे कौतुक हेच पुष्कळ ठिकाणी अंतिम ध्येय होऊन बसले. उत्तर चुकले, समज चुकली, तरी ‘छान प्रयत्न केलास’ म्हणून पान उलटायचे. स्वतः ड्वेक यांनी २०१५ मध्ये या प्रकाराला खोटा ग्रोथ माइंडसेट म्हटले आणि स्पष्ट केले की, शिकण्यात भर न घालणाऱ्या प्रयत्नांचे कौतुक हे सांत्वनपर बक्षीस ठरते. मुलाने कोणती पद्धत वापरली, ती का अडली आणि आता दुसरी कोणती वापरून पाहायची, हे बोलणे टाळून केलेले कौतुक मुलाला फार लवकर ओळखू येते.

वरिष्ठ पातळीवरचेही एक उदाहरण देते. २०१९ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी येथील एका विद्यापीठातील १५० प्राध्यापक आणि १५,००० हून अधिक विद्यार्थी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षमता जन्मजात असते असे मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत गोऱ्या आणि अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांमधील गुणांची दरी, इतर प्राध्यापकांच्या वर्गांच्या तुलनेत, दुपटीपर्यंत होती. हे सहसंबंध आहेत, त्यांतून कारण थेट सिद्ध होत नाही. तरीही ‘यांच्या घरात शिक्षणाचे वातावरणच नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात कोणत्या वस्तीतल्या मुलांबद्दल बोलले जाते, याचा विचार तेथील शिक्षकांनी जरूर करावा.

एक_आई :

चर्चा उत्तम चालली आहे. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. मुलीला ‘हुशार’ म्हणायचे नाही आणि नुसते ‘मेहनती’ही म्हणायचे नाही, तर मग घरी तिचे कौतुक करायचे तरी कसे? आजीआजोबा दिवसातून दहा वेळा ‘आमची हुशार बाळ’ म्हणतात. त्यांना अडवायचे का?

वहीपान :

एक_आई, आजीआजोबांना मुळीच अडवू नका. ते नातीचे लाड करतात, तिच्या कामाचे मूल्यमापन करीत नाहीत, आणि हा फरक मुलांना नीट समजतो. प्रश्न येतो तो तिने केलेल्या कामाविषयी आपण बोलतो तेव्हा. त्या वेळी कौतुकात माहिती असावी. ‘तू आधी आकृती काढलीस म्हणून तुला कोन सापडला’ या वाक्यातून तिला पुढच्या गणितात काय करावे हे कळते. ‘शाब्बास, हुशार आहेस’ यातून ते कळत नाही. सहज सुटलेल्या कामाचे फार कौतुक करू नये, कारण त्यातून सोपे तेच चांगले असा संदेश जातो. आणि गुण कमी पडल्यावर पहिला प्रश्न ‘वर्गात सर्वांत जास्त कोणाला?’ असा नसला तरी पुष्कळ झाले. शिष्यवृत्ती परीक्षांच्या मोसमात तर हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो.

निवृत्त_केंद्रप्रमुख :

मी बराच काळ प्राथमिक शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचा (केंद्राचा) प्रमुख, म्हणून काम केले. चर्चा मुलांकडून शिक्षकांकडे आली हे चांगले झाले, पण ती शिक्षकांवर थांबू नये असे मला वाटते.

प्रथम चुकांविषयी. पहिली-दुसरीतील कितीतरी मुले ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहितात. शिक्षक म्हणतात, अंकज्ञान कच्चे आहे. वास्तविक मराठीत त्रेसष्टमधील तीन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. मूल ऐकते त्या क्रमाने लिहिते. त्याने नियम लावला आहे, फक्त तो येथे चालत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात, माझेही काही आहेत. परंतु त्या वादात सर्वाधिक ऐकू आलेला युक्तिवाद ‘आम्हाला जमले, मग यांना का जमू नये’ हा होता. ज्यांना जमले नाही ते शाळेतून केव्हाच बाहेर पडले होते आणि वाद घालायला तेथे नव्हते, हे कोणी लक्षात घेतले नाही.

आता शिक्षकांच्या शिकण्याविषयी. शिक्षकाने वर्गात चुकांचे स्वागत करावे असे आपण म्हणतो. पण त्या शिक्षकाच्या चुकांचे स्वागत कोण करतो? अधिकारी शाळेत येतात, वर्गात काही वेळ बसतात, दोन मुलांना वाचायला लावतात आणि शेरेबुकात ‘अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे’ असे लिहून जातात. वहीपान यांनी प्रगतिपत्रकातील ज्या नोंदींविषयी लिहिले आहे, त्याच जातीचा हा शेरा आहे. त्याने शिक्षकाला काय करायचे ते कळत नाही, केवळ आपले उणे नोंदले गेले एवढे कळते. मग पुढच्या भेटीच्या दिवशी वाचता येणारी मुले पुढे बसवली जातात. अमेरिकेतील मुलांनी गुण वाढवून सांगितले, त्यापेक्षा हे वेगळे नाही.

दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद होते. ती बहुतेक ठिकाणी परिपत्रके वाचून दाखवण्याची आणि माहिती गोळा करण्याची सभा होऊन जाते. जपानमधील प्राथमिक शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात, त्यांपैकी एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुले काय लिहितात ते टिपतात आणि नंतर पाठ दुरुस्त करतात. तेथे चर्चेचा विषय तो पाठ असतो, त्यामुळे शिकवणाऱ्याला अंग चोरावे लागत नाही. आपल्याकडे यासाठी वेगळा निधी लागणार नाही. शिक्षण परिषदेला प्रत्येकाने आपल्या वर्गातील एक न उलगडलेले चुकीचे उत्तर आणावे आणि मूल तेथवर कसे पोचले असेल याचा सर्वांनी मिळून विचार करावा, एवढा बदल पुरेसा आहे. ज्या परिषदांत हे घडले, तेथे एरवी गप्प बसणारे शिक्षक बोलू लागलेले मी पाहिले आहेत.

शेवटी दुसऱ्या संधीविषयी. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून राज्य मंडळाने निकालानंतर लगेच फेरपरीक्षा सुरू केली. निर्णय योग्यच होता. परंतु या परीक्षेचा निकाल मार्चच्या निकालापेक्षा फारच कमी लागतो, कारण निकाल आणि फेरपरीक्षा यांच्या मधल्या दिवसांत त्या मुलाला बहुतेक ठिकाणी कोणीही काहीही शिकवत नाही. आता पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेविषयी २०२३ मध्ये जो बदल झाला, त्यात अनुत्तीर्ण मुलांना पूरक मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेण्याची तरतूद आहे. सारे काही त्या ‘पूरक मार्गदर्शन’ या दोन शब्दांवर अवलंबून आहे. ऐन मे महिन्यात ते कोण, कोठे आणि किती मुलांना देणार, याची चौकशी पालकांनी शाळेत जरूर करावी.

आकडेमोड :

केंद्रप्रमुखांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. त्याला जोडून आपल्याच मुंबईतील एक पुरावा देतो. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी वर्गाबाहेर रोज सुमारे दोन तास, लहान गटात, पायाभूत वाचन आणि गणित शिकवत असे. पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाणित विचलन इतकी वाढ झाली आणि तिचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा होता. मानसिकतेच्या पाठांच्या ०.०५ शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. त्या तरुणींनी बुद्धी वाढते की नाही यावर मुलांपुढे भाषण केले नव्हते. मूल जेथे अडले होते तेथून त्यांनी सुरुवात केली. आपल्याला वाचता येते हे कळल्यावर मुलाची स्वतःविषयीची धारणा बदलत असेल तर उत्तमच, पण मग क्रम उलटा आहे असे म्हणावे लागेल : आधी यश, नंतर धारणा.

वहीपान :

क्रम उलटा आहे हे मुलांपुरते मला मान्य आहे. शिक्षकांपुरता मात्र तो तसा नसावा. सर्वांत मागे असलेले मूल शिकू शकते असे कोणीतरी आधी मानले, म्हणून तर त्याच्यासाठी दोन तास काढले गेले. बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून कुरणातच शाळा नेली, तीही याच विश्वासाने. वेळापत्रक, जागा आणि साधने मुलाला शिकता येते असे मानणाऱ्याच्या हातून बदलतात. तसे न मानणारा हजेरीपटावर गैरहजेरी लावून मोकळा होतो.

पहिलेच_वर्ष :

मी यंदाच शिक्षक म्हणून रुजू झालो. आठवीच्या वर्गात ६० मुले आहेत आणि मला सहा वर्गांचे तास आहेत. प्रत्येक मुलाच्या चुकीवर वेगळा शेरा लिहिणे, पुन्हा सोडवून घेणे आणि ते पुन्हा तपासणे मला शक्य दिसत नाही. शिवाय ज्यांनी पहिल्यांदाच बरोबर सोडवले, त्यांच्यावर अन्याय होत नाही का?

वहीपान :

प्रत्येक चुकीवर शेरा लिहू नका, कोणालाच ते शक्य नाही. घटक चाचणीतील एकच प्रश्न निवडा आणि त्यापुरतेच उत्तरपत्रिकांचे गठ्ठे करा, मुलांप्रमाणे नव्हे, चुकीच्या प्रकाराप्रमाणे. समजा प्रश्न १/२ + १/३ असा आहे. ६० उत्तरांत साठ प्रकारच्या चुका नसतात. काहींनी अंश-अंश आणि छेद-छेद मिळवून २/५ लिहिलेले असते, काहींनी छेद ६ केलेला असतो पण अंश तसेच ठेवून २/६ आणलेले असते, आणि काहींची पद्धत बरोबर असून बेरीज चुकलेली असते. म्हणजे तुम्हाला साठ नव्हे, तीन शेरे लिहायचे आहेत, आणि तेही फळ्यावर लिहिले तरी चालते. पहिल्या गटाला विचारा : अर्ध्यामध्ये काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले? २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे हे मुलांनी स्वतः पडताळले, की आपला नियम त्यांना स्वतःलाच सोडावासा वाटतो. त्याच दिवशी उत्तर सांगू नका. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तोच प्रश्न पुन्हा द्या.

गुणांबाबत माझे मत स्पष्ट आहे. घटक चाचणीत नंतरच्या प्रयत्नाचे गुण धरावेत, कारण आपल्याला मुलाला आता काय येते ते नोंदवायचे आहे, मागच्या मंगळवारी काय येत होते ते नोंदवून उपयोग नाही. सत्र परीक्षेत अशी सोय नसते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पहिल्यांदाच बरोबर सोडवणाऱ्यांचे गुण यात कमी होत नाहीत, त्यामुळे अन्याय कसला ते मला समजत नाही. त्यांना त्या वेळात अधिक अवघड काम द्या : २/५ हे उत्तर असूच शकत नाही, हे गणित न करता तीन वाक्यांत पटवून द्या. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांपैकी अनेक जण येथे अडतात आणि त्यांनाही अडण्याची सवय होणे गरजेचे आहे.

पहिलेच_वर्ष :

आभारी आहे, हे जमण्यासारखे वाटते. दुसऱ्या प्रयत्नानंतरही ज्यांना येणार नाही त्यांचे काय करावे?

वहीपान :

त्यांना तिसऱ्यांदा तोच प्रश्न देऊ नका आणि आणखी मेहनत कर असेही सांगू नका. त्यांची अडचण आठवीच्या गणितात नसते. सममूल्य अपूर्णांकच कळलेले नसतात, आणि तो पाठ पाचवीच्या आसपास सुटलेला असतो. तेवढाच पाठ घ्या. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घेऊन एकीला दोन, दुसरीला तीन आणि तिसरीला सहा भागांत घड्या घालायला लावा आणि अर्धी पट्टी सहाच्या घडीवर ठेवून मोजायला सांगा. अशी मुले वर्गात सहसा पाच-सहा निघतात. मधल्या सुट्टीनंतरचा थोडा वेळ त्यांच्यासाठी काढता आला तर पुरे. एक काळजी मात्र घ्या. आठवीच्या मुलाला इतरांसमोर पाचवीचे पुस्तक उघडायला लावू नका. लागतील तेवढी उदाहरणे सुट्या कागदावर उतरवून द्या आणि त्या कागदावर इयत्ता लिहू नका.